मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप आणि लॅपटॉप, दोघांना एकच मॉनिटर, कीबोर्ड, माउस

धागाकर्ता

गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. घरात एकच टेबल आहे.

डेस्कटॉप जुना, विंडोज १०, मागे चित्रासाठी फक्त व्हीजीए. लॅपटॉप विंडोज ११ चा, त्याला एक एचडीएमआय आणि दोन यूएसबी. मॉनिटर २२ इंची, १९२० बाय १०८०, मागे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही. कीबोर्ड-माउस वायरचे, यूएसबीचेच. डेस्कटॉपवर सातबारा काढणं, पीक विम्याचे फॉर्म, प्रिंटर आणि अंगठ्याचं मशीन. लॅपटॉपवर मुलीचा अभ्यास. दर वेळी टेबलाखाली वाकून वायरी बदलाव्या लागतात.

नागपूरच्या एका दुकानात एचडीएमआयचा केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड, मॉनिटर, माउस दोन कॉम्प्युटरला आळीपाळीने देणारा डबा) आणि सोबत व्हीजीए ते एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यायला सांगून राहिले. घ्यावा का?

आणखी एक, याच्याशी संबंध आहे की नाही माहीत नाही: डेस्कटॉपच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात.

प्रतिसाद १

भाऊ, केव्हीएम नका घेऊ. तुमच्या मॉनिटरला दोन इनपुट आहेत, म्हणजे चित्राचा स्विच तुमच्याकडे आधीच आहे. डेस्कटॉप व्हीजीएने आणि लॅपटॉप एचडीएमआयने थेट मॉनिटरला लावा, दोन्ही वायरी कायमच्या राहू द्या. मॉनिटरच्या इनपुट किंवा सोर्स बटणाने चित्र बदलतं.

कन्व्हर्टरने उलट काम वाढतं. व्हीजीए ॲनालॉग, एचडीएमआय डिजिटल, त्यामुळे मध्ये चिप असलेला कन्व्हर्टर लागतो आणि त्याला यूएसबीतून वेगळा ५ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो. नुसत्या वायरीवाली स्वस्त केबल चालत नाही. शिवाय साध्या केव्हीएममधून बाजू बदलली की दुसऱ्या कॉम्प्युटरला मॉनिटर काढून घेतल्यासारखं वाटतं, मग रिझोल्यूशन बदलतं, खिडक्या इकडच्या तिकडे होतात.

तुम्हाला लागतो तो फक्त यूएसबी शेअरिंग स्विच: दोन कॉम्प्युटर, चार उपकरणं, वर एक बटण. त्याच्या मागे बहुतेक वेळा चौकोनी, प्रिंटरला असतं तसं यूएसबी-बी तोंड असतं. दोन केबल सोबत येतात का ते घेतानाच बघा. प्रत्येक केबल दीड मीटरची पुरते. बटण दाबल्यावर कीबोर्ड-माउस दुसरीकडे ओळखले जायला दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात परत परत बटण दाबू नका.

अंगठ्याचं मशीन या स्विचवर ठेवू नका, डेस्कटॉपलाच थेट राहू द्या. बटण दाबलं की ते मधेच तुटल्यासारखं होतं आणि सेवा पुन्हा सुरू करावी लागते. प्रिंटरचंही तेच, पान अर्धवट राहील.

मॉनिटरच्या मेन्यूत ऑटो सोर्स असेल तर बंद करा. नाहीतर लॅपटॉप झोपला की मॉनिटर आपल्या मनाने डेस्कटॉपवर उडी मारतो.

जुन्या डेस्कटॉपमध्ये एक अडचण नक्की येऊ शकते. सुरू करताना स्विच लॅपटॉपकडे असेल तर बायोस (विंडोजच्या आधी चालू होणारा प्रोग्रॅम) कीबोर्ड सापडत नाही म्हणून थांबून राहते. बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ नावाची ओळ शोधा, तिथे ‘ऑल बट कीबोर्ड’ ठेवून सेव्ह करा.

प्रतिसाद २

वरचं सगळं बरोबर आहे, पण दादा, तुमच्या शेवटच्या ओळीतल्या मुंग्यांचा निकाल लागेपर्यंत यातलं काहीही जोडू नका. त्यांचा इथे थेट संबंध आहे.

डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमध्ये आत येणाऱ्या फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून पत्र्याकडे छोटे कपॅसिटर लावलेले असतात, लाईनमधली विजेची गडबड (नॉइज) अर्थिंगमध्ये सोडायला. अर्थिंग असेल तर ते तिकडे निघून जातं. अर्थिंगच नसेल तर पत्रा २३० च्या जवळपास अर्ध्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतो. करंट अगदी कमी, म्हणून जीव जात नाही, मुंग्या येतात. पण एचडीएमआयची चिप ५ व्होल्टपर्यंतच्या कामासाठी आहे. आतापर्यंत डेस्कटॉप एकटा होता. आता व्हीजीए, यूएसबी आणि एचडीएमआयच्या वायरींतून दोन्ही कॉम्प्युटर, मॉनिटर आणि स्विच यांचे पत्रे एकमेकांना जोडले जातील. चालू असताना वायर लावली आणि वायरीच्या ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली, की तो सगळा झटका चिपमधून जातो. मॉनिटरचा नाहीतर लॅपटॉपचा पोर्ट जातो आणि लोक केबलला दोष देतात.

मुंग्यांचं कारण प्रत्येक वेळी हेच असतं असंही नाही. वायरचं आवरण फाटून फेज सरळ पत्र्याला लागलेली असू शकते, आणि ती मारक आहे. म्हणून वायरमनकडून तीन मापं घेऊन घ्या, त्याच सॉकेटवर: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी हवीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत.

धागाकर्ता

वायरमनने मोजलं. फेज-न्यूट्रल २२४, फेज-अर्थ ९६, न्यूट्रल-अर्थ ७०. म्हणजे अर्थिंग थोडं कमजोर आहे का? तो म्हणतो सॉकेटमध्येच न्यूट्रल अर्थच्या पिनला जोडून देतो, मुंग्या बंद होतील.

प्रतिसाद २

ते अजिबात करू देऊ नका. मुंग्या बंद होतील, पण ज्या दिवशी न्यूट्रल सैल होईल किंवा डीपीवर तुटेल, त्या दिवशी कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण फेज उभी राहील. मुलगी हात लावते त्याला.

अर्थिंग कमजोर नाही, तुटलेलं आहे. ९६ आणि ७० हे मीटरचे भुताटकीचे आकडे आहेत, लोंबकळत्या वायरीवर असेच दिसतात. खात्री करायची तर वायरमनने फेज आणि अर्थमध्ये ६० वॅटचा बल्ब लावून बघावा. पूर्ण उजेडाने पेटला तर अर्थ ठीक, मिणमिणला तर कमजोर, पेटलाच नाही तर वायर कुठेतरी सुटली आहे. आरसीसीबी (करंट अर्थमध्ये गळला की लाईन तोडणारा स्विच) असेल तर ती याच वेळी पडेल, तो तिचा दोष नाही.

आधी सॉकेटपासून मीटरच्या बोर्डापर्यंत हिरवी वायर बघा, बहुतेक बोर्डातच उघडी सोडलेली सापडते. तिथे ठीक असेल तर मग अर्थिंगचा खड्डा. अडीच मीटर जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मीठ, वर ८ नंबरची जीआय तार नट-बोल्टने घट्ट. आपल्या काळ्या जमिनीचा त्रास असा की पावसाळ्यात ती पाइपला घट्ट धरते आणि एप्रिल-मेमध्ये भेगा पडून पाइपपासून सुटते. तेव्हा आठवड्यातून दोनदा दोन-तीन बादल्या पाणी त्या खड्ड्यात टाकावंच लागतं. गंजलेला बोल्ट दिसला तर घासू नका, बदलाच.

हे झाल्यावर डेस्कटॉप, मॉनिटर आणि लॅपटॉपचा चार्जर तिन्ही एकाच तीन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. एक इन्व्हर्टरच्या लाईनवर आणि दुसरा सरळ लाईनवर असं नको. ६ अँपिअरचा बोर्ड पुरून उरतो. वायरी जोडताना बोर्डाचं बटण बंद, लॅपटॉपही बंद.

प्रतिसाद ३

लॅपटॉपबद्दल दोन गोष्टी राहिल्या. मॉनिटर डेस्कटॉपवर फिरवला तरी लॅपटॉपला बऱ्याचदा तो जोडलेलाच वाटतो, आणि उघडलेली खिडकी त्या न दिसणाऱ्या पडद्यावर जाऊन बसते. विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘पीसी स्क्रीन ओन्ली’ निवडलं की सगळं परत लॅपटॉपवर येतं. झाकण लावून वापरायचा असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये झाकण बंद केल्यावर ‘डू नथिंग’ ठेवा, पण मेच्या उन्हात झाकण वीतभर उघडंच असू द्या.

माउस विदाउट बॉर्डर्स (एकाच कीबोर्ड-माउसने नेटवर्कवरून दोन कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) कुणी सुचवेल. चांगलं आहे, पण त्याला प्रत्येक कॉम्प्युटरचा स्वतःचा पडदा लागतो आणि दोन्ही एकाच नेटवर्कवर चालू असावे लागतात. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

धागाकर्ता

हिरवी वायर बोर्डात खरंच सुटलेली होती. जोडल्यावर फेज-अर्थ २२१, न्यूट्रल-अर्थ ३. पत्र्याला टेस्टर लावला तर पेटत नाही. आता यूएसबी स्विच घ्यायला जातो.