‘देवळावरून या’ला इंग्रजीत काय म्हणायचं?

टॉवेलवाला

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टेरी टॉवेलच्या कारखान्यात ऑफिस बघतो. चलन माझं, हिशेब माझा, आणि इंग्रजी मेलपण माझेच, कारण बाकी कुणाला ते नको असतात. परदेशातलं एक गिऱ्हाईक येणार असं मागच्या आठवड्यात ठरलं. मालक म्हणाले, स्टेशनवरून कसं यायचं ते लिहून टाक. मी जसं बोलतो तसंच लिहिलं: स्टेशनवरून निघा, चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून, सिद्धेश्वर मंदिरावरून, अशोक चौकातून अक्कलकोट रोडला या. ‘वरून’ म्हणजे ओव्हर, म्हणून पुतळे आणि मंदिर दोन्हीकडे ओव्हर ठोकलं. उत्तर आलं, ‘हेलिकॉप्टर तुम्ही पाठवताय की मी घेऊन येऊ?’ मालकांनी ते सगळ्यांसमोर वाचलं. चार दिवस झाले, चहावाला पोरगापण मला पायलट म्हणायलाय.

ओव्हर चुकलं हे कळलं. मग बरोबर काय? डिक्शनरीत अक्रॉस म्हणजे आरपार आणि थ्रू म्हणजेपण आरपार. मी मराठी माध्यमातला, दहावीला इंग्रजीत ४१. व्याकरणाची नावं नका सांगू, डोळ्यांपुढं दिसेल असं सांगा.

निवृत्त बाई

अरे पायलट, तुझं इंग्रजी नाही चुकलं, तू मराठीवर जरा जास्तच विश्वास टाकलास. आपल्या ‘वरून’ला किती कामं असतात बघ. पुलावरून आलो: ओव्हर. रस्त्यावरून चाललो होतो: अलाँग. देवळावरून गेलो: पास्ट. गच्चीवरून पडला: ऑफ. कुर्डुवाडीवरून आलो: व्हाया. स्टेशनवरून निघालो: फ्रॉम. एवढं सगळं एका ‘वरून’वर भागतं आणि आपल्यात कुणाचा गोंधळही होत नाही, कारण देवळाच्या कळसावरून कुणी चालत जात नाही हे ऐकणाऱ्याला ठाऊक असतं.

म्हणून ‘वरून’ला शब्द शोधू नकोस. ज्याच्याजवळून किंवा ज्याच्यातून जातोयस ते कसं आहे ते बघ. देऊळ एका जागी उभं, तू बाजूनं पुढं गेलास, तर पास्ट. रस्ता लांबच लांब, तू त्याच्याच दिशेनं चाललास, तर अलाँग.

आता तुझं आरपार. होम मैदान डोळ्यांपुढं आण. मे महिन्यात ते मोकळं असतं. एका कडेनं शिरून दुसऱ्या कडेला निघालास, तर अक्रॉस. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, भरलाय, पाळणे, दुकानं, चारी बाजूंनी माणसं, आणि तू त्याच दोन कडांमध्ये चाललायस. आता थ्रू. मैदान तेच, पावलंही तेवढीच. पहिल्या वेळी पायाखाली नुसती सपाट जागा होती, दुसऱ्या वेळी तू कशाच्या तरी आत होतास. तळ्याचंही तसंच. होडीनं पलीकडच्या काठाला गेलास तर अक्रॉस, काठाकाठानं फेरी मारलीस तर अराउंड.

आणखी एक, हे मी वर्गात फार उशिरा शिकवायला लागले. मराठीत वाट क्रियापदातच असते: शिरला, निघाला, ओलांडला, चढला, उतरला. ‘तो धावत रस्ता ओलांडून गेला’ याचं इंग्रजी ‘ही रॅन अक्रॉस द रोड’. आपलं ‘धावत’ तिकडं मुख्य क्रियापद होऊन बसलं आणि ‘ओलांडून’ आक्रसून एवढंसं अक्रॉस झालं. म्हणून या बारक्या शब्दांना इंग्रजीत एवढा भाव.

पण एन्टर, क्रॉस, रीच यांच्या पोटात वाट आधीच असते, त्यांना वर आणखी शेपूट लावायचं नाही. माझ्या ३८ वर्षांच्या नोकरीतली निम्मी लाल शाई ‘रीच्ड टू सोलापूर’वर गेली आहे.

धोटा

पायलटसाहेब, टॉवेलच्या कारखान्यात बसून अक्रॉस आणि थ्रू दुसरीकडं विचारायलाव? आऊट ऑफ द ऑफिस, इन्टू द शेड या की! मी जॉबर, माग चालते ठेवणारा. आता बिनधोट्याचे रेपिअर माग आलेत, पण मी शिकलो धोट्याच्या मागावर. धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो.

बीमवरून, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळावरून, सूत सुटतं: ऑफ द बीम. टेरीला बीम दोन, एक जमिनीचा, म्हणजे मूळ कापडाचा, आणि एक लूपचा, दोन्हीला ऑफच. मग सूत वहीच्या, म्हणजे उभे धागे वरखाली करणाऱ्या चौकटीच्या, डोळ्यातून आणि फणीच्या दातांमधून: थ्रू. वही वरखाली झाली की उभ्या धाग्यांचे दोन थर होतात, मधे बोगद्यासारखी फट. धोटा त्या फटीतून जातो: थ्रू. आणि कापडाच्या या काठापासून त्या काठाला जातो: अक्रॉस. एकाच फेकीत दोन्ही खरं, लका! तुम्ही फट बघायलाव की पन्हा, तेवढाच फरक. धोटा पेटीत जाऊन बसला: इन्टू. आडवा धागा एका उभ्याच्या वरून, पुढच्याच्या खालून: ओव्हर, अंडर. हे खरंखुरं ओव्हर, तुमच्या देवळासारखं नाही.

होटगीरोडकर

बाईंना एक पुरवणी. विजापूर रोडला टाकळीजवळ भीमेवरचा पूल आहे, पलीकडं कर्नाटक. तिथं ‘ओव्हर द ब्रिज’ म्हणा नाहीतर ‘अक्रॉस द ब्रिज’, दोन्ही चालतं.

आणि रिक्षात बसलात तर गेट इन्टू, उतरलात तर आऊट ऑफ. एसटीला मात्र गेट ऑन, गेट ऑफ. मी अशी खूण धरलीय: आत उभं राहून चालता येतं का? मग ऑन. आपल्या एसटीत उभं राहायला जागा मिळत नाही, तो भाग वेगळा.

टू आणि टुवर्ड्स तेवढं सांभाळा. ‘वेन्ट टुवर्ड्स द स्टेशन’ म्हणजे स्टेशनच्या दिशेनं गेला. पोचला की मधेच भजी खात बसला, ते त्यात नाही.

निवृत्त बाई

पुलाचं मान्य. रिक्षाची खूण मी ढापणार.

टॉवेलवाला

बाई, धोटाभाऊ, होटगीरोडकर, तिघांना नमस्कार. आज दुपारी शेडमध्ये जाऊन अर्धा तास नुसता बघत बसलो. जुना एक धोटा भंगारात सापडला, तो आता टेबलावर आहे.

नवा मजकूर असा: ‘स्टार्ट फ्रॉम द स्टेशन, गो पास्ट द फोर स्टॅच्यूज, पास्ट द सिद्धेश्वर टेम्पल, थ्रू अशोक चौक, अँड देन अलाँग अक्कलकोट रोड.’ गिऱ्हाईक कालच येऊन गेलं, मालकांनी गाडीच पाठवली होती. पुढच्याला उपयोगी पडेल. फक्त रोडवरून कारखान्याच्या गल्लीत वळायचं ते कसं लिहू? परत ‘वरून’ आलंच बघा.

निवृत्त बाई

टर्न ऑफ द रोड, इन्टू द लेन. आणि या खेपेला पाठवायच्या आधी चहावाल्या पोराला वाचून दाखव.