मदत हवी आहे : टाइप डिझायनरने एनआयडब्ल्यूच्या आरएफईला उत्तर देताना 'राष्ट्रीय महत्त्व' कसं दाखवायचं?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेत कलाक्षेत्रात काम करून ईबी-२ एनआयडब्ल्यूच्या (कंपनीशिवाय, देशहिताच्या कामाच्या आधारावर ग्रीन कार्ड मागायच्या) वाटेने गेलेलं कुणी इथे असेल, तर त्यांचा अनुभव मला तातडीने हवा आहे. मी टाइप डिझायनर आहे, म्हणजे फॉन्ट बनवते. मुंबईत देवनागरीवर काम शिकले, इथे मास्टर्स केलं, सध्या एच-१बी या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर नोकरी करते. आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठीची पिटिशन, मात्र कंपनीमार्फत नाही, स्वतःच भरली. त्यावर आता आरएफई, म्हणजे आणखी पुरावे मागणारी नोटीस, आली आहे.

काम नेमकं काय ते आधी सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलंय. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांसाठी वाचनीय, मोफत फॉन्ट बनवणं हा माझा 'प्रपोज्ड एन्डेव्हर', म्हणजे अर्जात मांडलेलं नियोजित काम. ओसेज भाषेची स्वतःची लिपी युनिकोडमध्ये आली ती थेट २०१६ साली. नवाहो रोमन अक्षरांत लिहितात, पण तिथे एकाच स्वराला खाली अनुनासिकाचा आकडा आणि वर उच्च सुराची तिरकी रेघ, अशी दोन्ही चिन्हं लागू शकतात. बऱ्याच फॉन्टमध्ये ती रेघ बाजूला सरकते. 'आय'वर तर टिंब तसंच राहतं आणि रेघ त्याच्यावर चढते. शाळेच्या पुस्तकात असं छापलं गेलं तर पहिलीच्या मुलाने काय वाचायचं? देवनागरीत रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकमेकांना धक्का न लावता बसवायचा हात बसलेला असतो, तोच इथे कामी येतो.

एनआयडब्ल्यूच्या तीन मुद्द्यांपैकी पहिल्यातलं 'सब्स्टॅन्शियल मेरिट', म्हणजे कामाचं मोल, अधिकाऱ्याने मान्य केलंय. शिक्षण-अनुभवाबद्दलही काही म्हणणं नाही. अडलंय ते फक्त त्याच मुद्द्यातल्या 'नॅशनल इम्पॉर्टन्स'वर, म्हणजे राष्ट्रीय महत्त्वावर. म्हणणं थोडक्यात असं, की या भाषा जपणं महत्त्वाचं आहे हे कागदांवरून दिसतं, पण अर्जदाराच्या कामाचा परिणाम तिच्या ग्राहकांच्या पलीकडे कसा पोचेल ते दिसत नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न मला रास्त वाटतो. ज्या २०१६ च्या धनसार निकालावर हे सगळं चालतं, त्यातसुद्धा त्या अर्जदाराचं संशोधन राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं, पण शिकवण्याचं काम तसं ठरलं नाही. शिक्षण महत्त्वाचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं. त्या शिकवण्याचा परिणाम एकूण शिक्षणक्षेत्रावर पडेल, हे पुराव्यांतून दिसत नव्हतं. आपण कलाकार मंडळी नेमके त्याच जागी अडकतो.

आमच्या मूळ अर्जात भर होता पुरस्कार, प्रदर्शनं आणि मोठे ग्राहक यांवर. ते सगळं दुसऱ्या मुद्द्यात, म्हणजे मी हे काम तडीला नेऊ शकेन का, यात मोडतं. वकील आता म्हणतात आणखी शिफारसपत्रं जोडू आणि असे डिझायनर दुर्मीळ आहेत यावर जोर देऊ. मला हे अजिबात पटत नाही. माणसं मिळत नाहीत म्हणावं, तर त्यासाठी लेबर सर्टिफिकेशनचा (अमेरिकेत योग्य माणूस मिळत नाही हे कंपनीने सरकारकडून प्रमाणित करून घेण्याचा) रस्ता आहेच, असं अधिकारी लगेच म्हणेल.

माझ्या मनात वेगळी मांडणी आहे. यूएससीआयएसच्या (अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या) पॉलिसी मॅन्युअलमध्येच म्हटलंय, की सांस्कृतिक किंवा कलात्मक समृद्धीत व्यापक भर घालणारं काम राष्ट्रीय महत्त्वाचं असू शकतं आणि सरकारी यंत्रणेने ज्या विषयाला राष्ट्रीय महत्त्व दिलंय त्यावर परिणाम करणारं कामही. मूळ रहिवाशांच्या भाषा जपणं हे अमेरिकेचं धोरण असल्याचं १९९० च्या नेटिव्ह अमेरिकन लँग्वेजेस अॅक्टमध्ये लिहिलेलं आहे. पण नुसता कायदा जोडला तर पुन्हा भाषेचंच महत्त्व सिद्ध होईल, माझ्या कामाचं नाही. त्यामुळे कायद्यापासून माझ्या फॉन्टपर्यंत एकेक दुवा कागदावर दाखवायचा विचार आहे. फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली म्हणजे कुणीही वापरावा, बदलावा. चिन्हं बसवण्याची पद्धत जाहीर म्हणजे दुसऱ्या डिझायनरांनाही उपयोग. आणि एक शाळा चाचणी आवृत्ती वापरतेय, तिथल्या शिक्षिकेचं पत्र. तेही 'फार गुणी मुलगी आहे' छापाचं नको. आधी छपाईत काय बिघडायचं, आता काय छापता येतं आणि आणखी कुठल्या शाळांनी फॉन्ट मागितला, एवढंच त्यात हवं.

आता माझे प्रश्न. मूळ अर्जात मुक्त परवान्याचा उल्लेख जेमतेम एका ओळीत आहे. उत्तरात त्याचा विस्तार केला तर तो खुलासा धरतात की अर्जात केलेला बदल? अर्ज भरल्यानंतर एन्डेव्हरच बदलता येत नाही, ही रेषा तुमच्या वकिलांनी कुठे आखली? शाळेचं पत्र अर्जानंतरच्या तारखेचं असेल, पण चाचणी आधीपासून चालू होती; ते चाललं का? आणि संगीत, ॲनिमेशन, वस्त्रकला, रंगभूमी अशा क्षेत्रांतल्या कुणी 'सांस्कृतिक समृद्धी'चं कलम वापरून मंजुरी मिळवली असेल, तर 'व्यापक' हे कशाने दाखवलंत?

अर्ज मागे घेऊन नव्याने भरा, असा सल्ला एकाने दिला. पण भारतात जन्मलेल्यांची ईबी-२ ची रांग किती लांब आहे ते तुम्ही जाणताच. आय-१४० भरल्याची तारीख हीच माझी प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली जागा ठरवणारी तारीख, ती सोडवत नाही. शिवाय एच-१बीची सहा वर्षं संपत आली आहेत आणि मंजूर आय-१४० हाती असेल तर पुढची मुदतवाढ मिळते. आरएफईला वेळ वाढवून मिळत नाही आणि उत्तर एकदाच, सगळ्या कागदांसकट द्यायचं असतं, म्हणून आत्ताच नीट व्हायला हवं. ओ-१ व्हिसा आणि ईबी-१ए ग्रीन कार्ड हे पर्याय माहीत आहेत, त्यावर वेगळा धागा काढेन.

नाव-क्रमांक खोडून तुमच्या उत्तरातली फक्त पहिल्या मुद्द्याची पानं दाखवता आली तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वकिलांना मसुदा पुढच्या आठवड्यात द्यायचा आहे.