नुसत्या प्रशिक्षणाने भागणार नाही

मनोरुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं की तिथला वर्णभेद कमी होईल, असं म्हटलं जातं; मला ते अपुरं वाटतं. इंग्लंडमधल्या नॉर्विचच्या मनोरुग्णालयातले कृष्णवर्णीय रुग्ण डेव्हिड बेनेट यांचं उदाहरण घ्या. इथे आफ्रिकी वंशाचा एकही कर्मचारी नाही, हे त्यांनी १९९३ मध्येच पत्राने कळवलं होतं. १९९८ मध्ये एका गोऱ्या रुग्णाशी भांडण झालं, त्याने वर्णावरून शिव्या दिल्या, आणि दुसऱ्या वॉर्डात हलवलं ते बेनेटना! तिथे कर्मचाऱ्यांनी त्यांना वीस मिनिटांहून जास्त वेळ पालथं दाबून धरलं. त्यातच ते गेले.

मनोरुग्णालयात बळाचा वापर कुणावर झाला याची वंशासकट नोंद ठेवणं इंग्लंडमध्ये २०१८ च्या कायद्याने बंधनकारक झालं. हे आकडे प्रत्येक रुग्णालयाने दर्शनी भागात लावावेत, आणि जाब विचारायला रुग्णांचे नातेवाईक समितीत हवेत.