डेबियन सुरू होत नाही, रेस्क्यू मोडही अडकतो. एफएसटॅब बदलायची कशी?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे. आत दोन डिस्क होत्या. सिस्टिम एसएसडीवर, आणि फोटो-गाण्यांसाठी एक जुनी हार्ड डिस्क. ती खरखरायला लागली म्हणून दुकानदाराने काढून दिली. फोटोंची प्रत दुसरीकडे आहे, त्यामुळे ती काळजी नाही. पण तेव्हापासून मशीन सुरूच होत नाही.

काळ्या पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’, पुढे त्या डिस्कचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि दीड मिनिटाचा काउंटर. तो संपला की ‘यू आर इन इमर्जन्सी मोड’, आणि खाली ‘कॅनॉट ओपन ॲक्सेस टू कन्सोल, द रूट अकाउंट इज लॉक्ड’. एंटर दाबलं की पुन्हा तेच.

एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) काढलेल्या डिस्कची ओळ राहिली आहे, एवढं कळतंय. पण फाइलपर्यंत पोहोचायचं कसं? ग्रबमधल्या (सुरुवातीच्या बूट मेनूतल्या) ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून रिकव्हरी मोड निवडला तरी गाडी तिथेच थांबते. दुरुस्तीसाठी दिलेला मोड असा का वागतो? लाइव्ह पेन ड्राइव्ह (ज्यावरून थेट लिनक्स चालतं असा) सध्या जवळ नाही. जाणकारांनी कृपया मार्ग सुचवावा.

प्रतिसाद १

रेस्क्यू मोड नावाइतका साधा नाही. ग्रबमधला रिकव्हरी मोड म्हणजे सिस्टमडीचा (बूट होताना बाकी सगळं सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा) रेस्क्यू मोड. तो एफएसटॅबमधल्या सगळ्या स्थानिक फाइल सिस्टिम जोडायचा प्रयत्न करतो आणि मगच शेल (आज्ञा टाइप करायची जागा) देतो. तुमच्याकडे नेमकी तीच पायरी फसते, म्हणून तो तुम्हाला इमर्जन्सीत ढकलतो. इमर्जन्सी मोडला त्या बाकीच्या डिस्कांशी देणंघेणं नसतं, पण तो रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड मागतो. डेबियन बसवताना रूटचा पासवर्ड रिकामा सोडला तर ते खातं कुलूपबंद राहतं आणि तुम्हाला सुडो (आपल्याच पासवर्डने प्रशासकाची कामं करायची सोय) मिळतो. एरवी ही सोय चांगली, पण इथे तीच आडवी आली.

तेव्हा दोन्ही मोड सोडा आणि कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) सरळ बॅश हे शेल सुरू करायला सांगा. ग्रबच्या यादीत डेबियनच्या ओळीवर थांबून ‘ई’ दाबा. ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्यात ‘आरओ’ (फक्त वाचा) असेल, त्याचं ‘आरडब्ल्यू’ (वाचा-लिहा) करा आणि ओळीच्या शेवटी एक जागा सोडून हे जोडा (मी देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमनमध्ये टाइप करा):

इनिट=/बिन/बॅश

मग कंट्रोल-एक्स. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो, ग्रबमध्ये काहीही साठवलं जात नाही. पासवर्ड न विचारता प्रॉम्प्ट येईल. तिथे:

नॅनो /ईटीसी/एफएसटॅब

जुन्या डिस्कच्या ओळीच्या सुरुवातीला # टाका. ओळ पुसू नका, पुढे संदर्भाला लागते. फाइल साठवताना ‘रीड-ओन्ली’ अशी तक्रार आली तर बाहेर पडून ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ द्या आणि पुन्हा उघडा. झालं की ‘सिंक’, आणि मग ‘रीबूट -एफ’. नुसतं ‘रीबूट’ इथे चालणार नाही, कारण ते ऐकायला सिस्टमडीच नाही. आणि ‘एक्झिट’ तर मुळीच देऊ नका. इथे बॅश हीच पहिली प्रोसेस आहे, ती मेली की कर्नल पॅनिक, म्हणजे मशीन ठप्प.

प्रतिसाद २

वरचा उपाय बरोबर आहे. एक भर: नवी डिस्क बसवाल तेव्हा तिच्या ओळीत पर्यायांच्या रकान्यात ‘डिफॉल्ट्स’च्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहा. मग डिस्क नसली तरी मशीन सुरू होईल. फोटोंच्या डिस्कसाठी सगळं बूट अडवणं हा मला तरी नेहमीच अतिरेक वाटतो. फाइल बदलल्यावर लगेच रीबूट न करता आधी ‘फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवून बघा, चुकीचा यूयूआयडी ते तिथल्या तिथे दाखवतं.

शिवाय, पासवर्डशिवाय हे जमतं याचा अर्थ मशीनसमोर बसलेल्या कुणालाही जमतं. ते नको असेल तर डिस्क एन्क्रिप्ट करणं हाच खरा बंदोबस्त. घरच्या डेस्कटॉपला कितपत गरज आहे, ते तुम्ही ठरवा.

धागाकर्ता

सुरू झालं! दोघांचेही आभार. एफएसटॅबमध्ये त्या डिस्कवरच्या स्वॅपचीही (रॅम अपुरी पडल्यावर वापरायच्या जागेची) ओळ निघाली, तिलाही # लावला. पण अजून सुरुवातीलाच मशीन थोडा वेळ थांबतं आणि ‘गेव्ह अप वेटिंग फॉर सस्पेंड/रिझ्युम डिव्हाइस’ असं दिसतं. एफएसटॅबमध्ये तर आता काहीच उरलेलं नाही.

प्रतिसाद १

ते एफएसटॅबमधून येत नाही. हायबरनेट केलेली सिस्टिम परत उठवायची तर ती कुठल्या स्वॅपमधून, हे इनिटरामएफएस (बूटच्या अगदी सुरुवातीला चालणारी छोटी तात्पुरती सिस्टिम) स्वतःजवळ लिहून ठेवतं आणि अजून जुनाच यूयूआयडी शोधतंय. /ईटीसी/इनिटरामएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्युम ही फाइल उघडून तिथे ‘रिझ्युम=नन’ करा (रिझ्युम कॅपिटलमध्ये, नन लहान लिपीत), मग ‘सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू’ चालवा. रॅम किती आहे? चार जीबी किंवा कमी असेल तर एसएसडीवर एक स्वॅप फाइल करून घ्या, नाहीतर ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडले की वडिलांचा फोन येईल.