ज्यांचे नाव काउंटीबाहेर गेले नाही, अशा कंट्री, गॉस्पेल आणि ब्लूग्रास वादकांना काय म्हणावे?

रानवाट (प्रश्न):
गेली दोन वर्षे मी अमेरिकेच्या ॲपलाचिया या डोंगराळ पट्ट्यातील जुने संगीत नेमाने ऐकत आहे: कंट्री म्हणजे तेथील ग्रामीण गाणी, गॉस्पेल म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीते, आणि ब्लूग्रास म्हणजे बँजो-फिडलसारख्या तंतुवाद्यांवरचे वेगवान संगीत. कार्टर कुटुंब, बिल मन्रो, राल्फ स्टॅनली या गाजलेल्या कलाकारांविषयी वाचायला पुष्कळ मिळते. मात्र व्हर्जिनिया, केंटकी, टेनेसी, उत्तर कॅरोलायना या भागांत ज्यांनी जन्मभर बँजो किंवा फिडल (व्हायोलिन) वाजवले, आणि तरीही शेजारच्या दोन-तीन काउंट्यांपलीकडे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ज्यांना कोणी ओळखले नाही, त्यांचे जगणे कसे होते? त्यांचे पोट कशावर चालत असे? लेखांमध्ये त्यांना सरसकट 'हौशी' म्हटलेले आढळते आणि तो शब्द मला खटकतो. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुनीवही:
आपल्याला तो शब्द खटकला हे योग्यच आहे, कारण नावारूपाला आलेल्या मंडळींचीही सुरुवात दुसऱ्याच कामावर झाली होती. ए. पी. कार्टर फळझाडांची रोपे विकत गावोगाव फिरत असत. ऑगस्ट 1927 मध्ये पत्नी सारा आणि भावजय मेबेल यांना घेऊन ते ब्रिस्टल येथे ध्वनिमुद्रिकांसाठी गायक शोधणाऱ्या राल्फ पीअर यांच्यासमोर गायले, तेव्हा मेबेल अठरा वर्षांच्या आणि गरोदर होत्या, आणि प्रत्येक गाण्यामागे पन्नास डॉलर ही रक्कम त्या डोंगरी भागातील माणसांना फार मोठी वाटली. बिल मन्रो तरुणपणी इंडियानातील तेलशुद्धीकरण कारखान्यात पिंपे धूत आणि रचत असत. ज्यांच्या तीन बोटांच्या बँजोवादनाने 1945 च्या अखेरीस ब्लूग्रासला आजचे रूप आले, ते अर्ल स्क्रग्ज युद्धकाळात सूतगिरणीत कामाला होते.

गिरणी, कोळशाची खाण, तंबाखूची शेती आणि लाकूडतोड हीच बहुतेकांची कामे होती. पाळी संपली की वाद्य हाती यायचे, पण तेवढ्यावरून वादनाचा दर्जा ठरत नसे. व्हर्जिनियातील रग्बी या वस्तीतले वेन हेंडरसन यांनी तीस वर्षांहून अधिक काळ ग्रामीण टपाल वाटले. त्यांनी हाताने घडवलेल्या गिटारीसाठी प्रख्यात रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टन यांना अनेक वर्षे थांबावे लागले आणि 1995 मध्ये हेंडरसन यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा पारंपरिक कलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांना हौशी म्हणण्यास माझी तरी लेखणी धजावणार नाही.

सायंतारा:
गॉस्पेलची बाजू थोडी निराळी आहे, म्हणून स्वतंत्रपणे लिहिते. तेथे शिक्षणाची रीतसर सोय होती. फिरते गायनशिक्षक एखाद्या चर्चमध्ये काही दिवस मुक्काम करून शेतकऱ्यांना आकारांची स्वरलिपी शिकवीत. तिच्यात प्रत्येक स्वराच्या डोक्याला स्वतःचा आकार असतो, सोल गोल आणि ला चौकोनी, त्यामुळे फारसे शालेय शिक्षण नसलेला माणूसही नवे गाणे पुस्तकातून थेट गाऊ शकत असे. टेनेसीतील लॉरेन्सबर्गचे प्रकाशक जेम्स व्हॉन यांनी 1910 मध्ये आपली पुस्तके खपावीत म्हणून चार गायकांचा संच दौऱ्यावर पाठवला. पुढे दक्षिणेत बोकाळलेल्या गॉस्पेल चौकडीचा हा व्यापारी आरंभ होता.

राल्फ स्टॅनली ज्या प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या परंपरेत वाढले, तिच्यात मात्र चर्चमध्ये वाद्याला मुळीच जागा नाही: एक जण ओळ उच्चारतो आणि सभा ती संथपणे, प्रत्येकाच्या ढंगाने लांबवत गाते. त्यांच्या आवाजातील आर्तता तिथून आली आहे.

नोकरीनिमित्त मी काही वर्षे नैर्ऋत्य व्हर्जिनियात राहिले. तेथील एका छोट्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी गाणाऱ्या कुटुंबाला ठरावीक मानधन नसे. गाणी झाल्यावर एक तबक फिरे, आणि त्याला 'लव्ह ऑफरिंग' म्हणत. एकदा बाहेर गाडीशी उभ्या असलेल्या त्या घरातील आजीबाई नोटा मोजत होत्या. पेट्रोलपुरते पैसे त्यांनी पर्सच्या एका कप्प्यात ठेवले आणि उरलेले पाकिटात घालून शेजारच्या आजारी बाईंसाठी पाद्रींच्या हाती दिले. त्याच बाई दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला शाळेच्या स्वयंपाकघरात कामावर हजर असत.

कडेकपारी:
वरील दोन्ही प्रतिसाद आवडले, तथापि या चित्राची दुसरी बाजू सांगणे मला आवश्यक वाटते. सर्वांनीच स्वखुशीने नोकरी करून संगीत सांभाळले असे नाही. लेस्ली रिडल हे कृष्णवर्णीय गिटारवादक होते आणि सिमेंट कारखान्यातील अपघातात त्यांचा एक पाय गेला होता. ए. पी. कार्टर यांच्यासोबत ते गाणी गोळा करत हिंडले: कार्टर शब्द उतरवून घेत आणि चाल रिडल यांच्या स्मरणात राही. ध्वनिमुद्रिकांवर मात्र रिडल नाहीत. डीफोर्ड बेली हे हार्मोनिकावादक ग्रँड ओल ऑप्री या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ कार्यक्रमाच्या आरंभीच्या लाडक्या कलाकारांपैकी होते. 1941 मध्ये त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यानंतर नॅशव्हिलमध्ये बूटपॉलिशच्या दुकानावर त्यांनी संसार चालवला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव 2005 मध्ये लागले, तेव्हा त्यांच्या मृत्यूला तेवीस वर्षे झाली होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणकामगार कुटुंबातील हेझल डिकन्स यांनाही बाल्टिमोरच्या कारखान्यांत राबावे लागले, आणि बायकांनी ब्लूग्रासच्या बैठकीत पुढे होऊन गाणे तेव्हा अनेकांना रुचत नव्हते. 'स्थानिक' राहणे हे पुष्कळदा दार बंद असल्यामुळे घडले.

रानवाट:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. कडेकपारी, तुमचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. मूळ शंका मात्र अजून उरते: तेथील लोक स्वतः अशा वादकाला काय म्हणतात?

सायंतारा:
'पिकर', म्हणजे तारा छेडणारा. फिडलवाल्याला फिडलर. पैसे घेतो की नाही, हे त्या शब्दात येतच नाही. चौकशी होते ती इतकीच, की तो ताल सोडतो का, आणि दुसऱ्याचे गाणे चालू असताना आपले वाद्य हळू करतो का. बैठकीत सगळे गोल बसतात, गाणारा स्वर सांगतो, मग प्रत्येकाकडे मानेने खूण करत एकेक आवर्तन सोपवले जाते. ज्याला नको असेल तो मान हलवून पुढच्याकडे देतो. गाणे संपवायचे झाले की म्होरक्या एक पाय जमिनीवरून उचलतो, आणि दहा-बारा वाद्ये एकाच ठोक्यावर थांबतात.

मी जात असे त्या बैठकीतले डबल बास वाजवणारे गृहस्थ वारले, तेव्हा त्यांच्या दफनाला याच मंडळींनी वाजवले. ज्यांची कामाची पाळी होती त्यांनी ती बदलून घेतली होती. बासची जागा त्या दिवशी कोणी घेतली नाही.