बॅटलफिल्डने कॉल ऑफ ड्यूटीचं उचलावं का?

खानापूरकर:
बॅटलफिल्ड ६ हा गोळीबाराचा गेम आल्यापासून ग्रुपवर एकच रडगाणं चाललंय, "ही दुसरी, वेगवान गोळीबाराची कॉल ऑफ ड्यूटी झाली." ऑगस्ट २०२५ च्या बीटात, म्हणजे चाचणीत, घसरत, उड्या मारत गोळ्या घालणारे बघून ओरड झाली, आणि ऑक्टोबरात गेम यायच्या आत तो बनवणाऱ्या डाइसनं तो वेग कमीही केला. पण दुसऱ्याचं घ्यायला लाजायचं कशाला? कॉल ऑफ ड्यूटीनं तरी सगळं घरचं आणलंय का? त्यांच्या २०१९ च्या मॉडर्न वॉरफेअरमधला ग्राउंड वॉर हा खेळप्रकार बघा. रणगाडे, झेंडे, मोठा मॅप, ६४ जण. सरळ बॅटलफिल्ड!

आणि पिंग, म्हणजे न बोलता मॅपवर खूण टाकणं? फेब्रुवारी २०१९ मध्ये एपेक्स लेजंड्स या गेमनं दाखवलं, महिना संपायच्या आत फोर्टनाइट गेमनं घेतलं. आमच्या स्क्वॉडात गोकाकचा एक पोरगा आहे, त्याला मराठी येत नाही, माझं कन्नड "ऊट आयता"च्या पुढं जात नाही. त्यात रात्री घरचे झोपलेले, म्हणून माइक बंद. तो दुसऱ्या मजल्याच्या खिडकीवर खूण टाकतो, मी जिन्यावर टाकतो, की तो वरून दाबून धरणार आणि मी खालून शिरणार हे ठरलं. असली गोष्ट प्रत्येक गेमनं उचलावी.

टिळकवाडी_मेडिक:
काय बोलूलास मर्दा! शत्रूवर खूण करणं बॅटलफिल्ड २ मध्ये २००५ सालीच होतं. पिंग घ्या की, कोण नको म्हणतंय. भांडण कणा बदलण्याचं आहे.

बॅटलफिल्ड २०४२ विसरलास? नोव्हेंबर २०२१ चा गेम. चार क्लास, म्हणजे मेडिक, इंजिनिअर असली ठरलेली कामं, काढले आणि नावागावाचे स्पेशालिस्ट आणले, ठरावीक पात्रं घेऊन खेळायच्या हीरो शूटरांत असतात तसले. कुणीही कुठलीही बंदूक, कुठलंही गॅजेट घ्या. मग औषधाची पेटी कोण घेणार? मी मेडिक खेळणारा माणूस. पूर्वी पडलेल्यानं हाक मारली की कुणाकडं बघायचं ते कळायचं. २०४२ मध्ये शेजारचा रॉकेट घेऊन फिरतोय की पेटी घेऊन, पत्ता नाही. शेवटी २०२३ च्या सुरुवातीला क्लास परत आणले. तोवर आमच्यातली निम्मी पोरं पांगली होती.

निपाणीची_स्नायपर:
मेडिकशी सहमत. हेलो ४ या गेमचंही तेच झालं. हेलोत सगळे सारख्याच बंदुकांनी सुरुवात करायचे, भारी हत्यार मॅपवर पडलेलं असायचं, ते मिळवायला मारामारी. २०१२ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीसारखे लोडआउट, म्हणजे आधीच निवडून ठेवलेली हत्यारं, दिले आणि ती मारामारीच पातळ झाली.

कॅम्पातला_मोबाइलवाला:
तुम्हा पीसीवाल्यांचे लाड. सप्टेंबर २०२० ला पबजी मोबाइल बंद झाली तेव्हा आम्ही सगळे कॉल ऑफ ड्यूटी मोबाइलवर गेलो. शेवटी उरेल तो जिंकेल असलं बॅटल रॉयल होतंच, बटणंही जवळपास तीच, दोन दिवसांत हात बसला. नकलेमुळंच सोय झाली की!

निपाणीची_स्नायपर:
आणि जुलै २०२१ ला बीजीएमआय, पबजीचाच भारतातला अवतार, आल्यावर?

कॅम्पातला_मोबाइलवाला:
परत आलो. 😅

खानापूरकर:
म्हणजे आला तसा गेला. बरं, हा मुद्दा तुमचा. पण मेडिक, तू २०४२ दाखवतोस तर मी कॉल ऑफ ड्यूटी २ दाखवतो. आपोआप भरून येणारी हेल्थ, २००५. त्याच्या आधी हेलोत शील्ड तसंच भरायचं. तोही कणाच होता, कॉल ऑफ ड्यूटीच्या पहिल्या भागात औषधाच्या पेट्या शोधत फिरायचो. मोडला का गेम? उलट तिथूनच सुसाट सुटला.

टिळकवाडी_मेडिक:
त्या पेट्या एकट्यानं उचलायच्या होत्या गा, दुसऱ्याचं काही अडत नव्हतं. बॅटलफिल्डची मजाच मुळी अडण्यात आहे. रणगाडा इंजिनिअरवाचून अडतो, इंजिनिअर गोळ्यांवाचून अडतो. बॅटलफिल्ड सहामध्येसुद्धा बघ, क्लास आणले, पण ओपन वेपन्समध्ये स्नायपरची बंदूक कुणीही उचलावी. क्लोज्ड वेपन्सची, म्हणजे ज्याची बंदूक त्याच क्लासला, अशी प्लेलिस्ट वेगळी ठेवलीय म्हणून मी अजून टिकलोय.

खानापूरकर:
तिथं लॉबी भरायला, म्हणजे पुरेसे खेळाडू जमायला, वेळ लागतो त्याचं काय?

टिळकवाडी_मेडिक:
लागू दे. तोवर चहा होतो.