पोर्ट क्रेडिटची वारसाफेरी: मार्ग आणि माहिती

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

पोर्ट क्रेडिट या टोरांटोजवळच्या, ऑन्टारिओ सरोवराकाठच्या जुन्या बंदरातल्या सप्टेंबरमधल्या फेरीचा कच्चा बेत असा: गो रेल्वेचं स्टेशन, दीपगृह, जुन्या गावातली घरं आणि शेवटी ब्राइटवॉटर या नव्या वसाहतीत चहा. ज्येष्ठ मंडळी आणि मुलंही असतील, त्यामुळे दोन तासांत आटपायला हवं. काय घ्यावं, काय गाळावं? बंदराची माहिती असलेल्यांनी कृपया लिहावं.

उत्तर: पोर्ट क्रेडिटची वारसाफेरी

दादा, दीपगृहाला पाच मिनिटं पुरेत. आत्ताचा मनोरा १९९१ सालचा आहे. जुनं दीपगृह १९३६ मध्ये जळालं. घरं सुंदर आहेत, पण नुसती घरं बघून बंदर कळत नाही. माझा आग्रह आहे की फेरी किनाऱ्यावर बेतावी, कारण इथला किनारा माणसानेच पोखरला आणि माणसानेच पुन्हा भरला.

स्टेशनवरून स्टेव्हबँक रोडने थेट दक्षिणेला जे. जे. प्लॉस पार्कपर्यंत चला. समोर पाण्यात बसलेलं जहाज म्हणजे 'रिजटाउन'. १९०५ चं मालवाहू जहाज, लांबी सुमारे साडेपाचशे फूट. १९७४ मध्ये ते दगड भरून मुद्दाम इथे बुडवलं. का, ते नकाशावर दाखवा: आपण सरोवराच्या पश्चिम टोकाजवळ आहोत, पूर्वेला शेकडो किलोमीटर मोकळं पाणी. पूर्वेचा वारा सुटला की एवढ्या अंतरावर लाटा वाढत येतात आणि थेट बंदरावर आदळतात.

इथेच क्रेडिट हार्बर कंपनीबद्दल सांगा. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे निम्म्याहून अधिक शेअर इथल्या मूळ रहिवासी मिसिसॉगा लोकांचे होते. बंदर उभं करण्यात त्यांचा पैसा होता, तरी १८४७ मध्ये त्यांना हेगर्सव्हिलजवळ स्थलांतर करावं लागलं. हे नुसतं प्रस्तावनेपुरतं उरकू नका, सावकाश सांगा. १८५५ च्या आगीत पश्चिमेकडची गोदामं गेली, त्याच सुमारास रेल्वे आली आणि धान्याचा व्यापार ओसरला.

मग आला दगडाचा धंदा. सपाट तळाची शिडाची गलबतं उथळ पाण्यात नांगरून, सोबतच्या छोट्या होडीतून लांब दांड्याच्या आकड्याने तळावरच्या चपट्या लाद्या उचकटून वर ओढत. धक्क्यावर बारा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असा ढीग रचला की एक 'टॉइज' (दगड मोजायचं माप) भरे. टोरांटोच्या कितीतरी इमारतींचे पाये या दगडावर उभे आहेत. पण काठाजवळच्या लाद्याच लाटेचा जोर मोडत असत. त्या गेल्यावर लाटा मातीच्या काठाला भिडल्या आणि शेतकऱ्यांची जमीन ढासळू लागली. म्हणून १८५७ मध्ये कायदा झाला: काठापासून तीन रॉड, म्हणजे सुमारे पन्नास फुटांच्या आत दगड काढायचा नाही.

क्रेडिट नदीवरचा पूल ओलांडून फ्रंट स्ट्रीटने सॅडिंग्टन पार्कला या. ही बाग कचराभरणीवर वसवली आहे. पाण्याकाठी खाणीतून आणलेले मोठे शिलाखंड रचलेले दिसतील. मोकळ्या जागी खाली बघा: पातळ करडा शेल (थरांचा मऊ खडक), नखाने पापुद्रे सुटतात, मधूनच चुनखडीचा कठीण तुकडा, त्यात शिंपल्यांचे जीवाश्म. मुलांना पंधरा मिनिटं इथे द्या. तुकडे होते तिथेच परत ठेवायचे.

उत्तर: पोर्ट क्रेडिटची वारसाफेरी

ताई, मार्ग पटला. जुन्या गावाबद्दल थोडी भर घालतो, कारण तिथे घर बघणारे काहीजण आपल्यात आहेत.

लेकशोर रोड, नदी, सरोवर आणि मिसिसॉगा रोड साउथ यांमधला भाग २००४ पासून वारसा संवर्धन क्षेत्र आहे. घराचं बाह्यरूप बदलायचं तर आधी परवाना लागतो. आतलं स्वयंपाकघर बदलायला सहसा वारसा परवाना लागत नाही. पूर्ण अर्जाची पोच मिळाल्यापासून निर्णयाला ९० दिवस लागू शकतात, म्हणून खिडक्यांची ऑर्डर आधी देऊ नका. खरं तर लाकडी खिडक्या काढूच नका. पुट्टी नवी करा, झडपेच्या दोऱ्या बदला, फटी बुजवा, बाहेरून स्टॉर्म खिडकी (थंडीवाऱ्यासाठी दुसरी खिडकी) बसवा. मात्र स्टॉर्म खिडकीच्या तळाची बारीक भोकं सीलंटने बुजवू नका. आतली ओल बाहेर पडत नाही आणि चौकट कुजते.

मिसिसॉगा रोडच्या पलीकडे ७२ एकरांवर ब्राइटवॉटर आहे. तिथे आधी वीटभट्टी होती, मग तेलशुद्धीकरण कारखाना. कारखान्याच्या जमिनीवर घरं बांधायची तर आधी माती आणि भूजलाचे नमुने, मग सफाई आणि शेवटी प्रांताकडे जागेच्या स्थितीची नोंद. बांधकाम सुरू होण्याआधी वर्षं जातात ती इथे. माझ्या मते तिथला मोकळा किनारा इमारतींपेक्षा मोलाचा आहे, चहा तिकडेच घेऊया.

पुलावर दहा मिनिटं राखून ठेवा. त्या दिवसांत चिनूक सामन मासे नदीत चढतात. आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघा. पूर्वेचा वारा असेल तर प्लॉस पार्कवर ज्येष्ठांना उभं राहवणार नाही. तिथे थोडक्यात आटपून कंपनीबद्दल पुलापलीकडे, जुन्या गावातल्या आडोशाला सांगा.